स्टेम सेल ट्रान्सप्लांटसाठी नाशिकहून निघण्याआधी

नमस्कार. ट्रान्सप्लांटची तारीख मिळाली की घरात एकच विषय उरतो, पैसे. तो मोठाच आहे, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. मुख्यमंत्री सहायता निधी असो, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी असो की ट्रस्ट, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक हातात पडलं त्याच आठवड्यात अर्ज टाका. अॅडमिट झाल्यावर धावाधाव करायला माणूस मोकळा नसतो. आता बाकीची तयारी, जी बहुतेक घरांत शेवटच्या दोन दिवसांत उरकली जाते.

पहिली गोष्ट, हे ऑपरेशन नाही. 'डे झीरो'ला, म्हणजे पेशी द्यायच्या दिवशी, रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेलची रक्ताच्या पिशवीसारखी पिशवी लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, चढते. पेशी स्वतःच्याच, गोठवून ठेवलेल्या असतील तर खोलीत लसणासारखा वास सुटतो. पेशी टिकवायला वापरलेल्या डीएमएसओचा तो वास, एक-दोन दिवसांत जातो. तेवढ्यात नातेवाइकांचे 'झालं एकदाचं, सुटलात' असे मेसेज सुरू होतात. सुटलेलं कुणीच नसतं. आधीच्या जबर केमोनं जुना मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर, रिकामा केलेला असतो आणि नव्या पेशी अजून रुजलेल्या नसतात. त्यामुळे कठीण दिवस साधारण पाचव्या दिवसापासून येतात: तोंड सोलवटतं, जुलाब होतात, ताप येतो, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर. स्वतःच्या पेशी असतील तर बहुधा १० ते १४ दिवसांत, दात्याच्या असतील तर दोन ते चार आठवड्यांत काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, वर यायला लागतो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात.

हे वेळापत्रक रुग्णाला आणि सोबत राहणाऱ्याला आधीच माहीत हवं. आठव्या दिवशी पेशंट भिंतीकडे तोंड करून 'मला घरी न्या' म्हणाला, तर तो खचलाय असं समजून रडारड करायची नाही. त्या दिवसांत बहुतेकांचं असंच होतं, आणि स्टेरॉइड चालू असतील तर झोप उडते, चिडचिड वाढते ती वेगळीच. बोलून बोलून धीर देण्यापेक्षा दिवसाची तीन कामं ठरवून घ्या: अंघोळ, गुळण्या, खोलीतल्या खोलीत चालणं. तेवढं झालं की दिवस पास. दोन-तीन रात्री सलग झोप नसेल किंवा जगण्यावरच मन उडाल्यासारखं बोलणं येत असेल, तर 'होईल बरं' म्हणत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि निरवानिरव. पेशंटला नॉमिनी, विम्याचे कागद, फोनचा पासवर्ड यावर बोलायचं असतं आणि घरचे 'अभद्र बोलू नकोस' म्हणून तोंड बंद करतात. बोलू द्या हो. तासाभरात होणारं काम आहे, आणि ते झालं की माणूस हलका होऊन अॅडमिट होतो.

दाता भाऊ किंवा बहीण असेल तर आणखी एक अवघड बोलणं आहे. सख्ख्या भावंडाशी पेशींचा प्रकार (एचएलए) पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून ज्याचं जुळतं त्याच्यावर सगळ्या घराचा डोळा. त्याला नाही म्हणायची मुभा कायम आहे, पण म्हणायचंच तर पेशंटची केमो सुरू होण्याआधी. नंतर माघार घेतली तर पेशंटच्या जिवावर बेततं. त्यामुळे दात्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. स्टेम सेल मॅरोतून रक्तात उतरवायला चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं, त्यात हाडं ठणकतात. मग रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशिनला जोडून काही तास बसायचं. मधेच ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरलेलं असतं. आणि पेशंटला दात्याच्या पेशी मिळणार असतील, तर सख्ख्या नातेवाइकांनी आधी पेशंटसाठी रक्त देऊ नये. प्रेमापोटीच देतात, पण शरीर त्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं आणि पुढे पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो.

निघण्याआधी दाताच्या डॉक्टरकडे जाच. किडलेली दाढ एरवी नुसती ठणकते, काउंट शून्य असताना तिथूनच जंतू रक्तात उतरतात. दाढ काढायचीच असेल तर जखम भरायला वेळ लागतो, म्हणून तारीख ठरताच जा. पुढे मूल हवं असेल तर शुक्राणू गोठवायला एखाददुसरी फेरी पुरते, स्त्रीबीजांना साधारण दोन आठवडे लागतात. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा.

मेलफॅलन हे केमोचं औषध मिळणार असेल तर ही वाटी बघा. (बर्फाच्या चुऱ्याची वाटी कॅमेऱ्याजवळ) एवढा बारीक चुरा हवा, खडा नको. औषध सुरू होण्याच्या थोडं आधीपासून, चालू असताना आणि संपल्यावरही अर्धा तास तरी तोंडात धरायचा. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, फोड कमी येतात. गालफडं बधिर होतात, पेशंट कंटाळतो, पण हे सोडू नका. बर्फ कुठल्या पाण्याचा, ते मात्र ट्रान्सप्लांट युनिटला विचारा. गुळण्यांसाठी एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ.

आता राहण्याचं. नाशिकचे बरेच पेशंट मुंबईला, खारघरला किंवा पुण्याला जातात. दात्याच्या पेशी असतील तर डिस्चार्जनंतरही पहिले १०० दिवस हॉस्पिटलजवळच खोली घ्या. कारण ताप. १००.४ फॅरनहाइट दिसला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि रात्री कसारा घाटात ट्रकमागे अडकलात तर ते जमणार नाही. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. खोलीत स्वतःचा कुकर आणि शेगडी हवी, सामायिक स्वयंपाकघर टाळा. स्वतःच्या पेशी असतील तर बरेचदा लवकर घरी सोडतात.

घरी परतण्याआधी कूलर बंद करा, कुंड्या बाहेर काढा, गॅलरीतली कबुतरांची घाण तिसऱ्याच कुणीतरी मास्क लावून धुवावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात खोदकाम चाललंय, त्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात; शेजारी काम सुरू असेल तर खिडक्या बंद. द्राक्षाचा हंगाम असला तरी काउंट सावरेपर्यंत द्राक्षं नकोत, घोस आतपर्यंत नीट धुता येत नाही. केळं, संत्रं सोलून चालतं. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं) चालू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट अजिबात नको, औषधाची रक्तातली पातळी चढते. काढे, गुळवेल, तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

भेटायला येणाऱ्यांचं काय? रामकुंडाचं तीर्थ, अंगारा, हार घेऊन कुणीतरी येणारच. तीर्थ देवघरात ठेवा, पेशंटला पाजू नका. नाही म्हणण्याचं काम पेशंटकडे किंवा त्याच्या बायकोकडे देऊ नका. घरातला एखादा खमका काका निवडा, व्हॉट्सअॅपवर रोजची खबर त्यानंच द्यायची आणि दारही त्यानंच सांभाळायचं. घरात लहान मूल असेल तर पल्स पोलिओचा डोस द्यायच्या आधी युनिटला फोन करा, तोंडावाटे दिलेल्या लसीतला विषाणू मुलाच्या शौचातून बाहेर पडतो.

सोबत राहणारी माणसं दोन लागतात, एक नाही. दुसऱ्यानंही लाइनचं ड्रेसिंग आणि औषधांची वही आधीच शिकून घ्यावी, म्हणजे पहिल्याला सर्दी झाली तरी अडत नाही.

शेवटची एक गोष्ट, फॉलोअपला हमखास चुकते ती. टॅक्रोलिमसची लेव्हल काढायची असेल त्या सकाळी गोळी घेऊन निघायचं नाही. गोळी डब्यात बरोबर न्यायची, रक्त दिल्यावर घ्यायची. आधी घेतली तर आकडा खोटा येतो, आणि त्याच खोट्या आकड्यावर डोस बदलला जातो.