सुईच्या नेढ्यापाशी दुसरा डोळा

बोलायच्या आधी एक गंमत करू. शेजाऱ्याला पेन उभं धरायला सांगा, तुमच्या नाकासमोर, हात पोचेल एवढ्या अंतरावर. आता एक डोळा मिटा. तर्जनी आडवी करून बाजूने आणा आणि पेनाच्या टोकाला एका झटक्यात टेकवा. शेजाऱ्यांनी दर वेळी पेन जरा पुढेमागे करायचं, दयामाया दाखवायची नाही.

हशा ऐकू येतोय, म्हणजे बरीच बोटं हवेत गेली. पण कशी गेली ते पाहिलंत का? वर-खाली फारसं कोणी चुकलं नाही. बोट पेनाच्या अलीकडून गेलं, नाहीतर पलीकडून. मिटलेला डोळा नेमकं तेवढंच सांगत होता.

आपल्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते. हा फरक म्हणजे कटकट नसून माहिती आहे, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये दाखवलं. किंचित वेगळी अशी दोन सपाट चित्रं त्यांनी आरशांच्या मदतीने एकेका डोळ्याला दाखवली आणि बघणाऱ्यासमोर भरीव आकार उभा राहिला.

इथे थोडा हिशोब करतो, कंटाळू नका. दोन डोळ्यांच्या दृश्यांतला हा फरक कोनात मोजतात. कोनाच्या एका अंशाचे ३६०० भाग केले, तर त्यातल्या वीसेक भागांएवढा फरकही चांगल्या नजरेला कळतो. अर्ध्या मीटरवर, म्हणजे आपण सुई धरतो किंवा बटण लावतो साधारण तिथे, याचा अर्थ खोलीतला, म्हणजे पुढे-मागे असण्यातला, जेमतेम ०.४ मिलिमीटरचा फरक. तीच नजर दहा मीटरवर नेली, तर पंधरा सेंटिमीटरखालचा फरक कळत नाही. अंतर दुप्पट झालं की हा अंदाज चौपट ढोबळ होतो. लांबचं जग डोळा सावल्यांवरून, लहानमोठ्या आकारावरून, कोण कोणाला झाकतंय यावरून बरंच जमवून घेतो. म्हणून दोन डोळे लांबचे देखावे बघण्यासाठी आहेत असं कोणी म्हटलं, तर मला पटत नाही. माझ्या मते त्यांची खरी कमाई हाताच्या टप्प्यात आहे.

आता हाताकडे या. पेला उचलायला हात निघतो तेव्हा बोटं पेल्याशी पोचल्यावर उघडत नाहीत, वाटेतच उघडू लागतात. जवळजवळ दोन तृतीयांश वाट संपली की अंगठा आणि बोटं सर्वांत जास्त फाकतात, पेल्याच्या रुंदीपेक्षाही जास्त, आणि मग मिटत मिटत वस्तूवर येतात. एक डोळा झाकून हेच मोजलं, तर हात सावकाश निघतो, शेवटच्या टप्प्यात रेंगाळतो, बोटं गरजेपेक्षा जास्त उघडी राहतात. पकडल्यावरही चाचपडणं होतं. मेंदू जणू म्हणतो, नक्की कुठे आहे माहीत नाही, तेव्हा जागा जास्त ठेव.

बाळाला जन्मतः ही खोली दिसत नाही. साधारण तीन ते पाच महिन्यांत ती जागी होते, आणि खुळखुळ्याकडे नेमका हात जाऊ लागतो तोही याच सुमाराला. पण या काळात किंवा पुढच्या काही वर्षांत तिरळेपणा आला, किंवा एका डोळ्याचा मोठा नंबर कोणाच्या लक्षातच आला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. नाव चुकीचं आहे. डोळा धडधाकट असतो, दुर्लक्ष वरून झालेलं असतं. अशी मुलं मणी ओवताना, छोट्या भोकांत खुंट्या बसवताना मागे पडतात. चांगल्या डोळ्याने ती तक्त्याची शेवटची ओळ वाचतात, म्हणून घरच्यांना वाटतं नजर ठीक आहे, पोरगंच धांदरट आहे.

मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा १९६१ च्या जुलैमध्ये मोटार अपघातात निकामी झाला. डिसेंबरात ते कसोटी खेळले, पुढे कर्णधार झाले. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांनीच लिहून ठेवलंय की सुरुवातीला सिगारेट पेटवायला जावं तर काडी टोकाच्या जराशी बाजूला, आणि जगमधलं पाणी पेल्याऐवजी टेबलावर.

सवयीने माणूस वाट काढतो. एका डोळ्याची माणसं डोकं हळूच डावी-उजवीकडे हलवतात. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून अंतर ताडतात. माझ्याकडे तपासणीला आलेल्या एका सात वर्षांच्या मुलाची आई सांगत होती, हा पाणी ओतताना कधी सांडत नाही, फार नीटनेटका आहे. मी त्याला ओतायला लावलं. त्याने आधी जगची चोच पेल्याच्या काठावर टेकवली, टक् असा आवाज आला, आणि मगच जग तिरपा केला.