बँड कोना शे?

[दृश्य : तिन्हीसांज. पऱ्हाट्या उपटून झालेलं रिकामं शेत. लांबून ढोलाचा आवाज.]

खान्देशात रात्रीच्या वाऱ्यावर वाजंत्रीचा आवाज आला, की ओट्यावर टेकलेला माणूस कान देतो आणि विचारतो, ‘बँड कोना शे?’ बँड कुणाचा आहे, हे आधी. लग्न कुणाचं, हे त्यानंतर. कधीकधी ते विचारायचं राहूनही जातं, कारण तोवर तो चप्पल घालून निघालेला असतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार. या चित्रफितीसाठी या तीन जिल्ह्यांत आम्ही एकच प्रश्न घेऊन फिरलो. तुमचा आवडता बँड तुम्हाला पहिल्यांदा कुठे ऐकायला मिळाला? ज्याला विचारलं, त्यानं बँडचं नाव शेवटी सांगितलं. आधी सांगितलं ते गाव, कुणाच्या घरची हळद होती ते, मांडव कोणत्या तोंडाचा होता ते, आणि आपण कुणाच्या सायकलवर बसून गेलो होतो ते. अमळनेरच्या बसस्टँडवर एका गृहस्थांनी तर पंगतीत वांग्याची भाजी तिखट झाली होती, तेही सांगितलं. बट्टी मोडता मोडता त्यांचा हात थांबला होता म्हणे, कारण बाहेर क्लॅरोनेटवाल्यानं एक लांब सूर धरला होता आणि तो सोडतच नव्हता.

माझंही तसंच आहे. साल 1986. शिरपूरजवळच्या तापीकाठच्या गावात माझ्या मावशीचं लग्न. मी 6 वर्षांचा. त्या उंचीवरून बँड पूर्ण दिसत नाही, ढोलाचं चामडं तेवढं दिसतं. त्यावर गोलाकार रंगवलेली अक्षरं होती, खाली गावाचं नाव आणि टेलिफोन नंबर. नंबरापुढे लिहिलेलं, ‘पी.पी.’ म्हणजे फोन बँडवाल्याचा नव्हे, शेजारच्या कुणाच्या तरी दुकानातला. निरोप सांगणारे भले लोक तेव्हा गल्लोगल्ली होते. ढोल वाजवून वाजवून त्या अक्षरांपैकी मधली पुसून गेली होती. मला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं, म्हणून मी ती अक्षरं जुळवत ढोलासोबत उलटा चालत होतो. नाव काही लागलं नाही. पाठवणीच्या वेळी बँडमास्तरांनी ढोल-ताशा थांबवले आणि एकट्यानं क्लॅरोनेट वाजवलं. मावशी रडत होती, आई रडत होती, आणि मी मास्तरांच्या गालांकडे बघत होतो. त्या दिवसापासून माझा आवडता बँड तो. त्याचं नाव मला ठाऊक नाही.

[दृश्य : जुनी वही. लाल रेघा, शाईत लिहिलेले स्वर.]

ही वही धुळ्याकडच्या एका बँडमास्तरांची आहे. सत्तरी ओलांडलेले आहेत. गावात त्यांना सगळे मास्तरच म्हणतात, शाळेत एकही तास न घेता. वहीत सा रे ग म लिहिलेलं आहे, कोमल स्वराखाली आडवी रेघ, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर वार घातलेला. बहुतेक पानांवर बुधवार.

बुधवार का? रेडिओ सिलोनवर 1952 पासून बिनाका गीतमाला लागायची, बुधवारी रात्री 8 वाजता. अमीन सयानींचा आवाज साऱ्या देशाला पाठ होता. मास्तर पोरवयात आपल्या उस्तादांसोबत एका दुकानापुढे उभे राहून ती ऐकायचे. हातात वही नसायची, गाणं डोक्यात भरून घरी पळायचं आणि कंदिलापुढे स्वर उतरवायचे. गुरुवारी-शुक्रवारी तालीम. रविवारच्या लग्नात गाणं वाजलेलं असायचं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या गावात कुणाच्या घरी रेडिओ नव्हता, तिथं नवं गाणं पहिल्यांदा पोचलं ते बँडमधून, शब्दांशिवाय. मुखडा क्लॅरोनेटवर, मधले तुकडे ट्रंपेटवर. शब्द पुढे कधीतरी, यात्रेत तंबूचा सिनेमा आला की कळायचे. मास्तर सांगत होते, ‘लोक सिनेमा पाहून येत आणि मला म्हणत, मास्तर, तुमचं गाणं त्या पिक्चरवाल्यानं घेतलंय.’ हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

वरातीत रुमाल तोंडात धरून ज्यावर लोळण घेतात, ती नागाची धून घ्या. 1954 च्या ‘नागिन’ या चित्रपटातली. त्यात खरी पुंगी नव्हती. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजवली होती. आमच्या भागातल्या मास्तरांनी ते वाद्य डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती धून क्लॅरोनेटवर बोटं घसरवत बसवली, आणि गावानं तीच खरी मानली. मी तर म्हणेन, ती त्यांचीच झाली.

[दृश्य : मास्तर रीड तोंडात धरून बसले आहेत. बोलत नाहीत.]

क्लॅरोनेटची रीड म्हणजे बोरूसारख्या गवताची पातळ पट्टी, करंगळीपेक्षा थोडी लांब. कोरडी असताना ती किंचाळते, म्हणून वाजवण्याआधी ती जिभेवर भिजत ठेवावी लागते. त्या वेळात माणसाला बोलता येत नाही. मास्तरांनी आमच्यासाठी रीड भिजवली, तेव्हा आम्ही सगळे गप्प होतो. मग तिची टोकाकडची बाजू त्यांनी अंगठ्यानं पाहिली, क्लॅरोनेटच्या तोंडावर बसवली, वरच्या कड्याचे दोन स्क्रू आवळले. एक स्क्रू गुळगुळीत झालेला. त्याला दोरा गुंडाळलेला होता. चांगली रीड महाग, म्हणून ते ती लग्नाच्या हंगामातच काढतात. एरवी जुनी.

वाद्यं बहुतेक मेरठची. तिथल्या जली कोठी भागात पितळी वाद्यं बनवणाऱ्यांच्या पिढ्या आहेत, देशभरातले बँड तिथूनच सामान मागवतात. पलटणीतल्या गोऱ्या बँडचं अनुकरण म्हणून ही पद्धत आली. लाल कोट, खांद्यावरच्या झालरी, सगळं तिथलंच. पण मांडवात पलटणीचा मान मिळाला नाही. वाजवणाऱ्यांची पंगत शेवटी बसायची, काही ठिकाणी मांडवाबाहेर. ज्यांच्या सुरावर सगळं गाव नाचलं, त्यांच्या पानात कित्येकदा बट्टी उरलेली नसायची, नुसतं वरण. मास्तरांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारल्यावर सांगितलं. मला ते ऐकून लाज वाटली, आणि या चित्रफितीत ते यायलाच हवं असं वाटलं.

[दृश्य : बँडची सजवलेली गाडी. रंगीत दिवे. जनरेटर सुरू होतो.]

आता बँड चालत नाही, गाडीवर येतो. बँजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. खान्देशी लग्नात आज जो बँजो वाजतो, तो गिटारसारखा नसतो. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. त्याचं मूळ जपानात आहे. नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, आणि त्यालाच पुढे पिकअप लावून विजेवर आणलं गेलं. ऑक्टोपॅडही जपानी, 1985 चा. दोन्ही इथं येऊन अहिराणी बोलायला लागले. सातपुड्याच्या पायथ्याला, नंदुरबारकडे गेलात, तर याच बँजोवर रोडाली, म्हणजे आदिवासींचं नाचाचं संगीत, ऐकू येते. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात एका पोरानं आम्हाला सांगितलं, त्याचा बँड त्याला धडगावच्या बाजारात सापडला, ढोलांच्या गर्दीत, आणि त्या पायी घरची मंडळी त्याला संध्याकाळपर्यंत शोधत होती.

बायकांचं वेगळं. अमळनेर तालुक्यातल्या एक मावशी म्हणाल्या, ‘माहेरी असताना वरातीपुढे नाचायची आमची टाप नव्हती. दारातून बघायचं.’ त्यांना बँड मिळाला कानबाईत, म्हणजे खान्देशच्या या देवीच्या उत्सवात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, प्रसादाचे रोट होतात, रात्र जागवली जाते, आणि सोमवारी डोक्यावर चौरंग घेऊन बाया नदीवर निघतात. त्या मिरवणुकीत पुढे बाया असतात आणि बँडवाल्याला त्यांच्या पायांच्या तालानं वाजवावं लागतं. ‘मी थांबले की तोही थांबायचा,’ मावशी म्हणाल्या. ‘मी परत फुगडी घातली की त्यानं उचललं. माझ्याकडे बघून कुणीतरी वाजवतंय, हे मला पहिल्यांदा कळलं.’ तेव्हापासून 30 वर्षं त्यांच्या गल्लीत तोच बँड येतो. सुपारी द्यायला पुरुष जातात, पण कोणाला द्यायची ते मावशी सांगतात.

[दृश्य : मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. काचेखाली जुनी मेमरी कार्डं.]

आणि मग ही दुकानं. साधारण 2008 ते 2016. चोपडा, पारोळा, शहादा, साक्री, जिथं जाल तिथं बसस्टँडजवळ ‘डाउनलोडिंग करून मिळेल’ अशी पाटी. 20 रुपयांत कार्ड भरून मिळायचं. सिनेमाची गाणी वेगळी, आणि एक फोल्डर खास. त्यात गाण्यांना नावं नसायची, गावांची नावं असायची. कुठल्या गावच्या हळदीत कुणीतरी फोन उंच धरून केलेलं रेकॉर्डिंग. आवाज फाटलेला, मध्ये कुत्रं भुंकतंय, जनरेटर घरघरतोय. तरी पोरं तेच मागायची.

या दुकानदारानं आम्हाला एक कार्ड लावून दाखवलं. बँजोचा तुकडा चढत जातो, जातो, आणि ऐन टोकाला मागून कुणीतरी ओरडतं, ‘पानी आन रे!’ मग ढोल पडतो. हे रेकॉर्डिंग एवढं फिरलं, की पोरांच्या अंगात ती हाकही बसली. पुढे तोच बँड त्यांच्या गावात आला, तोच तुकडा वाजला, आणि त्या जागी हाक आली नाही. दुकानदार म्हणाला, ‘सगळे एक क्षण अडखळले. मग पोरांनीच ओरडून घेतलं.’ त्या हाकेवाल्याला तहान लागली होती, एवढंच. आपण एका बँडचा भाग झालोय, हे त्याला कुणी सांगितलं असेल का?

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा फुकट झाला आणि कार्डं काचेखाली गेली. आता हळदीचं थेट प्रक्षेपण होतं. सुरतेत कारखान्यात राबणारा पोरगा रात्रपाळीच्या सुट्टीत फोनवर गावाकडचा बँड बघतो आणि आपल्या लग्नाची सुपारी तिथूनच ठरवतो. सोय झाली, यात वाद नाही. पण ओट्यावरून आवाजाचा माग काढत, अंधारात दोन शेतं तुडवत जाणं त्यात नाही, आणि मला ते चालणंच जास्त जवळचं आहे.

2020 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मुकी गेली. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, लग्नांचा मोठा हंगाम, आणि टाळेबंदी. ईसार परत द्यावे लागले. कीबोर्डवाल्यानं केळीच्या ट्रकवर हमाली केली, मास्तरांनी काही वाद्यं विकली. क्लॅरोनेट नाही विकलं.

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्र मास्तरांच्या हातात.]

निघताना मी मास्तरांना माझ्या मावशीच्या लग्नाचा फोटो दाखवला. वऱ्हाडाच्या मागे, कडेला, अर्धा ढोल आणि एक क्लॅरोनेटवाला. ढोलावरचं नाव फोटोच्या चौकटीत कापलं गेलंय. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘जिभाऊ, हाई तोंड दखा,’ ते म्हणाले. क्लॅरोनेट ओठांच्या मधोमध नव्हतं, उजव्या कोपऱ्यात तिरपं धरलेलं होतं. ‘पुढचे दात नव्हते त्यांना. पडल्यावर लोक म्हणाले, आता संपलं. त्यांनी महिनाभर कोपऱ्यातून फुंकून नवीन तोंड बसवलं. हे आमचे उस्ताद.’

बँडचं नाव काय होतं, मी विचारलं. पार्टी दोनदा फुटली, मास्तर म्हणाले. नाव 3 वेळा बदललं. 86 साली कोणतं असेल, कसं सांगू? उस्तादांचं नाव मात्र त्यांनी सांगितलं, दोनदा, आणि मग कानाच्या पाळीला हात लावला.

[दृश्य : रात्र. लग्नघर. मांडवावर झेंडूच्या माळा.]

चित्रणाची शेवटची रात्र. अमळनेरजवळचं गाव. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या चार पोरांना विचारलं, वऱ्हाडी का तुम्ही? ‘आम्ही लगीनले नही उनूत, बँडले उनूत,’ त्यातला एक म्हणाला. लग्नाला नव्हे, बँडसाठी, 12 किलोमीटरवरून आली होती.

रात्री 10 ला थांबावं लागतं, नियम आहे. 10 ला 5 मिनिटं कमी असताना मास्तरांनी गाडीवरच्या पोरांना हातानं थांबवलं आणि खाली उतरून एकट्यानं क्लॅरोनेट वाजवलं. माईक नव्हता. मांडवातली माणसं आपोआप जवळ सरकली. पुढे एक सात-आठ वर्षांची मुलगी, बापाचं बोट धरून, मास्तरांच्या गालांकडे टक लावून बघत होती.

वाजवणं संपलं. मास्तरांनी रीड काढली, रुमालानं पुसली, डबीत ठेवली. मुलीनं विचारलं, उद्या कुठं वाजवणार?

‘चोपड्याला, ताई.’

तिनं बापाकडे वर पाहिलं.

‘पप्पा, चोपडं दूर शे का?’