त्झात्झिकीतलं पाणी

मंडळी, त्झात्झिकी म्हणजे घट्ट दही, काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर आणि शेपू किंवा पुदिना. ग्रीसमध्ये खाणावळीत बसलात की पावाबरोबर ती छोट्या बशीत समोर येते, भाजलेल्या मांसाच्या सुवलाकीबरोबरही येते. घरी केलेली मात्र बऱ्याचदा तासाभरात पाणी सोडते. ते पाणी आधीच काढायचं असतं, आणि दोनदा काढायचं असतं : एकदा दह्यातलं, एकदा काकडीतलं. माझं आजचं सगळं सांगणं त्याबद्दलच आहे.

ग्रीसमध्ये मेंढीच्या दुधाच्या दह्याची जुनी परंपरा आहे. मेंढीच्या दुधात स्निग्धांश साधारण 6 ते 7 टक्के असतो, गायीच्या दुधात 4 च्या आसपास. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधात तो 6 ते 8 टक्के. म्हणून साय न काढलेल्या म्हशीच्या दुधाचं दही घ्या, त्या मूळ चवीच्या ते जास्त जवळ जातं. पुढचं काम तुमच्या हातातलंच आहे, चक्का बांधण्याचं. फक्त दही खुंटीला टांगून रात्रभर बाहेर ठेवू नका. बाहेर ते आंबत जातं. श्रीखंडात ती आंबटाई साखर सांभाळून घेते, इथे साखर नाही. चाळणीत मलमलचं फडकं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये, पाच-सहा तास. किलोभर दह्याचा अंदाजे अर्धा किलो चक्का मिळेल. खाली जमलेलं पाणी कणीक भिजवायला वापरा.

आता काकडी. तिच्यात जवळजवळ 95 टक्के पाणी असतं. कोवळी काकडी घ्या, टोक चाखून कडू नाही ना ते बघा, जून असेल तर बिया काढा. जाड किसणीवर किसा, मीठ चोळा आणि अर्धा तास ठेवा. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. मग कीस फडक्यात घेऊन जोर लावून पिळा, हात दुखेपर्यंत पिळा! हे टाळलंत तर दह्यात घातलेलं मीठ तेच काम वाडग्यात करणार. खमंग काकडीला आपण मीठ ऐन वाढताना घालतो, त्यामागचं कारणही हेच. तिथे पाणी सुटू नये म्हणून मीठ उशिरा, इथे आधीच सगळं सुटावं म्हणून लवकर.

लसणाबद्दल माझं मत ठाम आहे : कमी घाला. एवढ्या चक्क्याला दोन पाकळ्या पुरे, गावरान असेल तर एकच. लसूण ठेचल्यावर पेशी फुटतात आणि त्यातल्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, झोंबणारं ॲलिसिन तयार होतं. आम्लात हे विकर मंदावतं. म्हणून पाकळी चमचाभर व्हिनेगरमध्येच वाटा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा, लसूण सौम्य लागेल. नाही तर रात्रभरात त्याचा वास बाकी सगळ्यावर चढतो.

चक्का चमच्याने घोटा, फेटून पातळ करू नका. त्यात ऑलिव्ह तेल थोडं थोडं घाला, मग लसूण, काकडी, बारीक चिरलेला शेपू. मीठ शेवटी, चाखून, कारण काकडीत ते आहेच. शेपू आवडत नसेल तर पुदिना घ्या. सायप्रसमध्ये तलातुरी नावाचा याचाच भाऊबंद करतात, त्यात पुदिना असतो. तुर्कस्तानातला जाजिक बराच पातळ, कधीकधी चमच्याने सूपसारखा खायचा. तिथे पाणी मुद्दाम घालतात, तो वेगळा पदार्थ म्हणून करा. फोडणी, दाण्याचं कूट, साखर यांतलं काहीही त्झात्झिकीत नको. ते घातलंत की आपली कोशिंबीर होते. कोशिंबीर मलाही प्रिय आहे, पण आज ती करायची नाही.

केल्यावर तासभर फ्रिजमध्ये राहू द्या, म्हणजे चवी मुरतात. वाढताना वरून तेलाची धार, एखादं ऑलिव्ह. ग्रीसमध्ये तळलेल्या वांग्याच्या किंवा झुकिनीच्या चकत्यांबरोबर ती खातात. आपल्या वांग्याचे पातळ काप कुरकुरीत तळून गरम असतानाच बरोबर द्या. दोन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी कडेला थोडं पाणी दिसलंच, तर ढवळू नका, वाडगा तिरका करून ओतून टाका.