वेळासची टोपली

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज तुम्हाला वेळासला घेऊन जाते. मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं वेळास, नाना फडणवीसांचं गाव. आता लोक त्याला कासवांचं गाव म्हणतात, आणि त्यामागे खूप वर्षांची मेहनत आहे बरं का.

२००२ ची गोष्ट. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी, भाऊ काटदरे आणि त्यांचे सोबती, समुद्रगरुडांचा अभ्यास करत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत होते, तर वेळासच्या वाळूत त्यांना कासवाची उकरलेली घरटी दिसली, अंडी गायब. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, मागच्या पायांनी मडक्यासारखा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून परत समुद्रात जाते, पिल्लांकडे बघायला पुन्हा येत नाही. मग ती अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री. कायद्याने कासवाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे हो, पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा राबवायला कोण उभं असणार?

या लोकांनी काय केलं, तर पोलिसांकडे धावण्याआधी ते गावात जाऊन बसले. घरटं कुठे असतं, मादीच्या पायांचा माग कसा ओळखायचा हे ज्यांना ठाऊक होतं अशा गावकऱ्यांनाच राखणीला घेतलं, मानधन दिलं. पहाटे किनारा चालायचा, माग दिसला की अंडी हलक्या हाताने काढायची, कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबवायच्या जागेत, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची, वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहायची. मग पंचेचाळीस-पन्नास-पंचावन्न दिवस वाट बघायची. मला तर हे वाट बघणंच सगळ्यात अवघड वाटतं, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

२००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. बाहेरची माणसं येतात, गावातच घरी राहतात, सोलकढी, उकडीचे मोदक खातात, म्हणजे जिवंत कासवामुळे घरात चार पैसे येतात. हे झालं ना, की राखण करा असं कुणाला सांगावं लागत नाही.

मी गेले होते तेव्हा सकाळी सात वाजता सुरूच्या बनातून किनाऱ्यावर पोचलो, दोरीच्या अलीकडे सगळे गप्प उभे. गावातल्या एका काकांनी घरट्यावरची टोपली उचलली तर आत तळहातापेक्षा लहान, काळपट पिल्लं, एकमेकांवर चढत होती. पाण्यापासून थोडी लांबच सोडली, कारण ती वाळू त्यांनी स्वतः चालायची असते. एक पिल्लू लाटेने उलटं करून परत आणलं, माझ्या शेजारचा मुलगा ओरडला "अहो उचला ना त्याला", काका म्हणाले "थांब, जाईल तो". तिसऱ्या लाटेला गेलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

२०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीला, ती समुद्रात कुठे जाते ते कळावं म्हणून, सॅटेलाइट टॅग लावला, नाव ठेवलं प्रथमा. आणि आता अंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, कितीतरी गावांत हे काम चालतं, वनखातंही सोबत आहे.

हे सगळं का सांगतेय, तर आमच्या गावची नदी साफ करायची मोहीम आम्ही दोनदा सुरू केली आणि दोन्ही वेळा महिन्याभरात बंद पडली. पहिल्या रविवारी ऐंशी माणसं आली, चौथ्या रविवारी आम्ही सहा. कचरा उचलला खरा, पण टाकणाऱ्यांशी एकदाही बोललो नाही, फक्त बोर्ड लावला, दंड होईल म्हणून. आता यावेळी पहिली चक्कर नदीवर नाही मारणार. पुलाजवळचे जे चिकनवाले पिसं नदीत टाकतात त्यांच्याकडे येत्या मंगळवारी दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा जाणार आहोत, त्यांना रोजची पिसं टाकायला जागा कुठे आहे हे आधी विचारायला. आसपास राहत असाल तर या, तीन वाजता पुलावर भेटू.