दोन पत्र्यांमधली जागा

मंडळी, अलिबागेत जहाजांविषयी बोलायला उभं राहायचं आणि ‘रामदास’चं नाव घ्यायचं नाही, हे माझ्याच्यानं होणार नाही. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट खवळलेल्या समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. इथल्या कितीतरी घरांत ही गोष्ट आजीच्या तोंडून नातवंडांपर्यंत आलेली आहे. घाबरलेली माणसं एका अंगाला धावली तर बोट किती कलेल, याचा हिशेब बोट पाण्यात सोडण्याआधी करायचा असतो. माझा सगळा पेशा त्या हिशेबाभोवतीचा. मी जहाजांचा सर्व्हेअर. उमेदीची वर्षं जहाजांच्या पोटात उतरून पत्रे तपासण्यात गेली.

आज जहाजांच्या सुरक्षेच्या आणि पर्यावरणाच्या ज्या नियमांबद्दल बोलायचं आहे ते आंतरराष्ट्रीय फेऱ्यांचे. भाऊचा धक्का ते रेवस ही फेरी त्यांत बसत नाही, ती देशाच्या कायद्याखाली येते. पण न्हावा शेव्याला लागणारं एखादं मोठं जहाज डोळ्यांसमोर आणा. बांधलं जपानमध्ये, मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, विमा लंडनचा, इंजिनरूममध्ये रत्नागिरीचा फिटर. कुठल्या देशाचा कायदा लावायचा? प्रत्येक देशानं आपापला लावला तर हे जहाज दर बंदरात बेकायदा ठरेल. आणि कुणीच लावला नाही तर सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत कच्चं जहाज धंदा घेऊन जाईल. म्हणून इथं सगळ्या देशांनी एकत्र बसण्यावाचून गत्यंतर नाही.

ते बसले, पण माणसं बुडाल्यावर. ‘टायटॅनिक’नं कायदा मोडला नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या वेळचा ब्रिटिश नियम १०,००० टनांच्या वरच्या सगळ्या जहाजांना एकाच मापानं मोजायचा. त्या मापानं १६ होड्या पुरेशा होत्या, टायटॅनिकवर २० होत्या. त्या २० होड्यांत जागा ११७८ जणांची आणि जहाजावर माणसं २२०० च्या वर. जहाजं वाढली होती, नियम तिथंच राहिला होता. १९१४ मध्ये लंडनला १३ देश जमले आणि समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला करार झाला. आमच्या भाषेत ‘सोलास’. महायुद्धामुळे तो अमलात आलाच नाही. पुढे तो अनेकदा नव्यानं लिहिला गेला. आज चालतो तो १९७४ चा.

या १९७४ च्या करारात एक साधी युक्ती आहे, आणि माझ्या मते सगळ्या आंतरराष्ट्रीय सहकार्यातली ती फार मोठी गोष्ट आहे. आधी प्रत्येक दुरुस्तीला दोन तृतीयांश देशांची लेखी संमती लागायची आणि ती मिळता मिळत नसे. आता उलटं केलं. दुरुस्तीची तारीख आधीच ठरते. तोवर पुरेशा देशांनी हरकत घेतली नाही तर ती लागू. गप्प बसलेला देश पूर्वी नियम अडवायचा, आता गप्प बसलेल्या देशाचा होकार धरला जातो. हे काम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत, लंडनला चालतं, आणि १९७४ ते १९८९ तिचे महासचिव सी. पी. श्रीवास्तव हे भारतीय होते, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता मी तुम्हाला माझ्या ओळखीच्या जागी घेऊन जातो. २४ मार्च १९८९ ला ‘एक्सॉन वाल्डीझ’ हा टँकर अलास्कात खडकावर चढला आणि सुमारे ३७,००० टन कच्चं तेल समुद्रात गेलं. तळाला एकच पत्रा होता. तो फाटला की पलीकडे थेट तेल. १९९२ मध्ये प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय करारात, ‘मारपोल’मध्ये, दुरुस्ती झाली: नव्या टँकरना दुहेरी कवच हवं. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मोठ्या टँकरमध्ये मधे साधारण दोन मीटरची पोकळी. बाहेरचा फाटला तरी तेल आत राहतं. पुढे ‘एरिका’ आणि ‘प्रेस्टीज’ हे टँकर युरोपच्या किनाऱ्याजवळ बुडाले तेव्हा जुने एकेरी टँकर मोडीत काढायच्या तारखाही अलीकडे आणल्या.

नियम चांगला. पण त्या दोन पत्र्यांमधल्या जागेत शिरायचं कुणी? आम्ही. टँकर रिकामा असतो तेव्हा तिथं समुद्राचं पाणी भरतात, माल भरला की ते काढून टाकतात. खारं पाणी, मग दमट हवा, मग पुन्हा खारं पाणी. पोलाद गंजायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. माणूस जेमतेम शिरेल एवढ्या भोकातून खाली उतरायचं. आधी मीटरची नळी आत सोडायची, कारण गंज हवेतला प्राणवायू खातो. बंद राहिलेल्या टाकीत काही दिसत नाही, वास येत नाही, आणि उतरलेला माणूस चार पायऱ्यांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. मीटरवर प्राणवायू २०.९ टक्के दिसल्याशिवाय पाय आत घालायचा नाही, हे आमच्या ज्येष्ठांनी आम्हाला हात धरून शिकवलं. आत गेल्यावर कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात एकेक फ्रेम, म्हणजे जहाजाची बरगडी, पाहत सरपटायचं. हातोडीच्या टोकानं ठोकलं की चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला दबका बोलतो.

समुद्र वाचवायला केलेल्या नियमानं जहाजाच्या पोटात अशी एक धोक्याची जागा तयार केली. म्हणून मग २००६ मध्ये रंगाचा नियम आला. ऐकायला किरकोळ वाटेल. रंगाचा थर ३२० मायक्रॉन, म्हणजे तीन दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त, आणि तो १५ वर्षं चांगल्या स्थितीत टिकावा हे उद्दिष्ट. पोलादाची धार कोरी असली की ओला रंग धारेवरून मागे सरकतो, तिथं थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून प्रत्येक कापलेली धार घासून दोन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यायची. एका टँकरमध्ये अशा धारा किती किलोमीटर असतील, विचार करा. कारखान्यातला ग्राइंडरवाला ती गोलाई देतो, तेव्हा वीस वर्षांनी आत उतरणाऱ्या माणसाचा जीव तो राखत असतो. हिरवा नियम आणि सुरक्षेचा नियम कागदावर वेगळ्या समित्यांकडे असतात. पोलादात ते एकाच पत्र्यावर येऊन भेटतात. हे मला आज तुमच्यापुढं ठेवायचं आहे.

आपल्याच अरबी समुद्रातला एक दाखला देतो. १७ जून २०१३ ला ‘एमओएल कम्फर्ट’ हे कंटेनर जहाज सिंगापूरहून जेद्दाकडे जाताना, ऐन पावसाळी लाटांत, मधोमध दुभंगलं. जहाज अवघं पाच वर्षांचं. सगळे २६ खलाशी वाचले, ही देवाची कृपा. मागचा भाग दहा दिवसांनी बुडाला, पुढच्याला आग लागली आणि जुलैत तोही गेला. लाटेच्या शिखरावर जहाजाचं पोट टेकलं की दोन्ही टोकं खाली लोंबतात, तळाचा पत्रा दोन्हीकडून चेपला जातो. तिथंच तळ वळला होता. त्यानंतर जगातल्या वर्गीकरण संस्थांनी, म्हणजे जहाजाची बांधणी तपासून दाखला देणाऱ्या संस्थांनी, एकत्र येऊन कंटेनर जहाजांच्या बळकटीचे समाईक नियम २०१५ मध्ये नव्यानं बांधले. त्या संस्थांच्या मंडळात पवईचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगही आहे.

आता हवेकडे येऊ. जगातल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास तीन टक्के जहाजांचे. २०१३ पासून नव्या जहाजाच्या आराखड्यालाच मोजमाप लागू झालं: एक टन माल एक मैल न्यायला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड? आकडा दर टप्प्याला खाली. तो खाली आणायची सगळ्यांत सोपी वाट म्हणजे लहान इंजिन. वेग थोडा कमी केला तरी लागणारी ताकद घनाच्या हिशेबानं उतरते. दर्यावर्दींच्या पोटात मात्र गोळा आला. नैर्ऋत्येचा वारा जहाजाला किनाऱ्याकडे ढकलतोय आणि इंजिनात परत फिरायचं बळ नाही, तर? २०११ च्या पावसाळ्यात जुहूच्या वाळूत येऊन रुतलेलं जहाज मुंबईनं पाहिलं. त्याची कारणं वेगळी, ओढून नेताना त्याचा दोर तुटला होता. पण वाऱ्यापुढं हतबल झालेलं जहाज कुठं येतं ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून उत्सर्जनाचं ते मोजमाप लावणाऱ्या समितीलाच किमान ताकदीची मार्गदर्शक तत्त्वं करावी लागली. ती २०१३ मध्ये आली, २०२१ मध्ये सुधारली. चालू जहाजांच्या इंजिनाला २०२३ पासून जो लगाम घालतात, त्यातही एक दार ठेवलं आहे. जीव धोक्यात असेल तर कप्तानानं सील तोडावं, राखीव ताकद वापरावी, मग नोंद करून कळवावं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. लंडनच्या सभागृहात बसलेल्यांनी रात्री तीन वाजता जहाजाच्या ब्रिजवर, सुकाणूपाशी उभ्या असलेल्या माणसावर विश्वास टाकला आहे.

पुढचा प्रश्न इंधनाचा. २०२३ मध्ये देशांनी ठरवलं, २०५० च्या आसपास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्य करायचं. त्यासाठी इंधनाचे निकष आणि उत्सर्जनावर आकार अशी चौकट एप्रिल २०२५ मध्ये मतदानानं मान्य झाली, आणि ऑक्टोबरमध्ये अंतिम मंजुरीच्या वेळी वर्षभर पुढे ढकलली गेली. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आज ऑर्डर दिलेलं जहाज पंचवीस वर्षं चालणार, आणि मालकाला कुठल्या इंधनाच्या टाक्या बसवाव्यात हे कळत नाही.

एक पर्याय अमोनियाचा. त्यात कार्बन नाही. पण तुम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना अमोनिया काय ते मी सांगायला नको. बंदरावरच्या बर्फ कारखान्यात जरा गळती झाली की डोळ्यांतून पाणी येतं, घसा आवळतो, माणसं बाहेर पळतात. जहाजावरून पळायचं कुठं? डिसेंबर २०२४ मध्ये अमोनियावर चालणाऱ्या जहाजांसाठी तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वं मंजूर झाली. अनुभव येईल तशी ती बदलतील. म्हणून माझं म्हणणं आहे की ‘रामदास’ची, ‘टायटॅनिक’ची वाट न पाहता ज्यांनी इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं त्यांना आत्ताच विचारा. रायगड-रत्नागिरीच्या निवृत्त फिटरांना, जहाजाच्या इंजिनावर काम केलेल्या मोटरमननाही विचारा. इंधनाच्या खोलीत नळी फुटली तर अंधारात, डोळे मिटलेले असताना, हात कुठल्या कठड्यावर पडेल? शिडी वाऱ्याच्या कुठल्या अंगाला? दार आत उघडतं की बाहेर? या गोष्टी आत्ता, या वर्षांत, आराखड्यावर पेन्सिलीनं ठरत आहेत.