आधी पाणी, मग पाकीट

'प्रक्रिया समजेल अशी कशी लिहावी' हा आजचा जाहीर विषय. त्याकडे येतोच, पण आधी ओआरएसच्या एका पाकिटाची हकिगत सांगू द्या. मला या विषयाचे वेड लागले ते त्या पाकिटापासून.

जुलाबात द्यायच्या जलसंजीवनीचे माहितीपत्रक मी लिहिले होते. त्यातला मजकूर असा: "पाकीट फोडून, त्यातील सर्व भुकटी पाण्यात टाकून, नीट ढवळून रुग्णास थोडे थोडे पाजावे. पाणी स्वच्छ व 1 लिटर असावे." डॉक्टरांनी तपासले, मुद्रितशोधकाने तपासले. चूक एकही नाही. आणि एका बाईंनी ते पत्रक समोर ठेवून अख्खे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले. पेला 200 मिलिलिटरचा, म्हणजे द्रावण पाचपट तीव्र. रुग्णाने पहिल्याच घोटाला तोंड वाकडे केले, म्हणून निभावले.

"त्यांनी नीट वाचलं नाही," असे मला अनेकांनी सांगितले. मला ते आजही पटत नाही. त्यांनी पूर्णविरामापर्यंत वाचले आणि तेवढे केले. घरात आजारी माणूस, हातात फोडलेले पाकीट. पुढच्या वाक्यात काय दडले आहे हे बघायला कोण थांबेल? पाण्याचे माप मी काम उरकल्यावर सांगितले होते.

आपल्या भाषेतला तो 'ऊन' बघा. फोडून, टाकून, ढवळून. गोष्ट सांगताना फार देखणा, वाक्य कसे वाहते! पण कृती लिहिताना तो तीन कामे एका श्वासात उरकतो आणि मधे थांबून बघायला जागा ठेवत नाही. तशीच 'करण्यापूर्वी'ची सूचना. ती शेवटी आली तर वाचणाऱ्याने ते आधीच करून टाकलेले असते. (मागे माना हलताहेत, म्हणजे हे तुमच्याही हातून झालेले दिसते.)

दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा मूळ विषय भराभर.

कसे करायचे हे लिहिताना वाक्यांचा क्रम हातांच्या क्रमाने लावा. एका वाक्यात एकच काम. काम झाल्याची खूण लगेच सांगा: 'तळाशी भुकटी दिसेनाशी होईपर्यंत ढवळा.' 'योग्य प्रमाणात' हे शब्द खोडा.

कसे चालते हे लिहिताना कर्ता दाखवा. 'ग्लुकोज-सोडियमचे सहशोषण होते' यातून चित्र उभे राहत नाही. आतड्याच्या अस्तरातले एक प्रथिन दर ग्लुकोजमागे दोन सोडियम आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, असे लिहा. द्रावण फार तीव्र झाले तर उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. हे कारण वाचक जिथे घाई करणार त्याच पायरीला जोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002च्या ओआरएस सूत्रातली 20.5 ग्रॅम भुकटी 1 लिटरसाठीच का, हे कळलेला माणूस पेला उचलणार नाही.

शेवटी मजकूर कुणाच्या तरी हातात द्या, खरे पाकीट द्या आणि गप्प बसून त्याचे हात बघा. माझा सुधारलेला मजकूर 'आधी 1 लिटर पाणी मोजा' असा सुरू होत होता. वाचणारा तिथेच थांबला, इकडेतिकडे बघत राहिला. घरात लिटरचे माप नव्हते. मग मी लिहिले, 'पाण्याची 1 लिटरची बाटली काठोकाठ भरा आणि मोठ्या भांड्यात ओता.'