हुला बघायला बसताना

नमस्कार श्रोतेहो.

हवाई बेटांवर पहिल्यांदा गेलेला पाहुणा हुला, म्हणजे तिथलं पारंपरिक नृत्य, बघायला बसतो आणि नर्तकीच्या कमरेकडे बघत राहतो. निम्मा कार्यक्रम तिथेच हातचा जातो. हुलामध्ये पावलं आणि कंबर ताल धरतात, अर्थ सांगतात ते हात. पाऊस, डोंगरकडा, लाट, उमलतं फूल, सगळं हातांतून दिसतं. आणि हात जे दाखवतात ते गाण्याच्या शब्दांत असतं. शब्द नाहीत तर हुलाही नाही. या गीताला तिकडे ‘मेले’ म्हणतात. नृत्याशिवाय म्हटलेल्या पठणाला ‘ओली’ आणि मोठ्या ढोलाला ‘पाहू’. मराठी कानाला गंमत वाटेल, पण कार्यक्रम समजायला हे तीन शब्द पुष्कळ उपयोगी पडतात.

हुलाचे दोन बाज. जुना तो काहिको, नंतरचा तो आउआना. काहिकोत तारवाद्यं नसतात. फक्त पठण आणि तालवाद्यं. पठणात सूर दोन-तीनच असतात, त्यामुळे चाल शोधू नका, आघात ऐका. मुख्य वाद्य इपू हेके, म्हणजे एकावर एक चिकटवलेले दोन वाळके भोपळे. वादक ते जमिनीवरच्या जाड गादीवर आपटतो, तेव्हा निघतो तो ‘ऊ’. बोटांनी अंगावर थाप मारतो तो ‘ते’. तबल्याचे बोल कानात बसलेल्या माणसाला हे दोन बोल पाच मिनिटांत ओळखू येतात. पाहू हा नारळाच्या खोडाचा, शार्कच्या कातड्याने मढवलेला. त्याच्या साथीचे हुला विशेष पवित्र मानतात. त्या वेळी कुजबुजही नको. कधी नर्तकच वाजवतात. प्रत्येक हातात दोन गुळगुळीत गोटे घेऊन चिपळ्यांसारखे वाजवले की ते इली-इली. पिसं लावलेला खुळखुळा म्हणजे उली-उली.

काहिकोचा क्रम लक्षात ठेवा. नर्तक चालत येतात तोही नाचच असतो, त्याला काइ म्हणतात. मग गुरू, म्हणजे कुमू हुला, तयार राहायची हाक देतात आणि शिष्य एका आवाजात उत्तर देतात. दोन कडव्यांच्या मध्ये छोटी आरोळी येते, ती काहेआ. पुढच्या कडव्याचे पहिले शब्द त्यात असतात. शेवटी हे गीत कोणाच्या नावे आहे ते पुकारलं जातं, आणि नव्या प्रेक्षकाला वाटतं, संपलं. तो उठतो, पिशवी शोधतो. संपलेलं नसतं. नर्तकांचं बाहेर जाणं, होइ, हेही पठणासह केलेलं नृत्य असतं. शेवटचा नर्तक नजरेआड होईपर्यंत बसून राहा.

आउआना कानाला सोपा. उकुलेले, गिटार, बास, कधी स्टील गिटार. उकुलेले मूळ हवाईचं नाही. 1879 मध्ये मदेराहून ऊसमळ्यांवर कामाला आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या चार तारी वाद्यातून ते घडलं. गिटारीच्या तारा सैल करून मोकळ्या तारांतूनच सुरावट मिळवायची पद्धत म्हणजे स्लॅक की. अंगठा मंद्र सांभाळतो, बाकीची बोटं धून. गायक उंच स्वरात जाताना आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटला तर तो बेसूर झाला असं समजू नका. ती फट मुद्दाम ऐकवतात, तीच त्या गायकीची शोभा.

कडवं बहुतेक दोन ओळींचं असतं आणि दोनदा गातात. हे फार सोयीचं. पहिल्या वेळी एका बाजूचे हात बघा, दुसऱ्या वेळी तीच ओळ नर्तकी दुसऱ्या बाजूने करते, तेव्हा सुटलेलं सापडतं. ‘हाइना’ शब्द कानावर आला की शेवटचं कडवं सुरू झालं. निवेदक आधी गीताचा अर्थ सांगतो, तो नीट ऐका, कारण शब्दांखाली दुसरा अर्थ दडलेला असतो. त्याला काओना म्हणतात. भारुडातला विंचू जसा नुसता विंचू नसतो, तसा इथला पाऊस नुसता पाऊस नसतो. बऱ्याचदा तो कुणाचा तरी प्रियकर असतो.

हॉटेलांतल्या लुआउमध्ये, म्हणजे जेवणासह होणाऱ्या कार्यक्रमात, सरमिसळ असते. पेटता सुरा फिरवणं सामोआचं, ढोलांवर वेगाने कंबर हलवणं ताहितीचं. सुक्या गवताचा घागराही बाहेरून आला. हवाईचा जुना पोशाख झाडाच्या सालीपासून केलेल्या कापा नावाच्या कापडाचा, आणि पानांत मान ‘ती’ नावाच्या झुडपाच्या रुंद हिरव्या पानांचा. करमणूक म्हणून लुआउ ठीक, पण हुला बघायचा तर हिलो गाठावं. तिथे ईस्टरच्या आठवड्यात मेरी मोनार्क महोत्सव असतो आणि 1971 पासून स्पर्धा. गुरुवारी एकल, शुक्रवारी काहिको, शनिवारी आउआना. तिकिटं मिळणं कठीण; बुधवार संध्याकाळचा कार्यक्रम मात्र विनामूल्य असतो, त्यासाठी लवकर रांग लावायची. हिलो पावसाचं गाव आहे, छत्री असू द्या. महोत्सवाचं नाव राजा कालाकाउआच्या ‘मेरी मोनार्क’, म्हणजे आनंदी राजा, या टोपणनावावरून पडलं. 1830 मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुला बंद केला होता; कालाकाउआने 1883 मध्ये स्वतःच्या राज्याभिषेकाला तो सगळ्यांसमोर करवला.

आपला धागाही यात आहे. जुन्या सिनेगीतांच्या धुना जिच्यावर आपण ऐकल्या, ती हवाईयन गिटार, म्हणजे आधी आलेली स्टील गिटार, इथलीच. जोसेफ केकुकू या ओआहू बेटावरच्या मुलाने 1889 च्या सुमारास तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून ती पद्धत रुजवली. पुढे भारतीय वादक ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले.

काही रीती. पठण चालू असताना आत-बाहेर करू नये. फ्लॅश नको, नर्तकाचा तोल जातो. दगडी चौथरा असेल तर त्यावर पाय ठेवायचा नाही, ती हुलाची जागा आहे. कुणी गळ्यात फुलांची लेइ घातली तर नाही म्हणू नका. ती खांद्यांवर, पुढे आणि पाठीवर सारखी रुळू द्या, देणाऱ्यासमोर काढू नका. नंतर कचऱ्यात न टाकता दोरा कापून फुलं मातीत सोडायची. आणि आउआनाचं गाणं फारच आवडलं तर टाळ्यांबरोबर मोठ्याने म्हणा, ‘हाना होऊ’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’. गायक बहुधा ऐकतात.

नमस्कार.